वाचकांचे प्रश्न : खोल समुद्रातला नैसर्गिक वायू

प्रश्न : नदीचा गाळ किनाऱ्याजवळ साचतो असे शाळेत शिकलो. मग दीड हजार मीटर पाण्याखाली वायू धरून ठेवणारी वाळू पोहोचते कशी?

उत्तर : गाळ किनाऱ्याशी साचतो हे खरे, पण सगळाच तिथे टिकत नाही. खंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, काठावरचे ढीग कधी स्वतःच्या वजनाने, कधी भूकंपाच्या धक्क्याने घसरतात आणि वाळू, चिखल व पाण्याचा जड प्रवाह समुद्रतळावरच्या घळईतून खाली धावत सुटतो. १९२९ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स भागात भूकंप झाला, तेव्हा समुद्रतळावरच्या टेलिग्राफच्या केबल एकामागून एक तुटल्या. त्या वेळांवरूनच पुढे अशा प्रवाहाच्या वेगाचा हिशेब मांडता आला.

उतार संपला की आधी वाळू खाली बसते, वर बारीक चिखलाचा थर येतो. साठ्याचा खडक आणि त्याचे झाकण असे एकाच प्रवाहात तयार होतात. पंख्यासारख्या पसरलेल्या वाळूत थर सलग मिळतात. जुन्या घळईत भरलेली वाळू मात्र जाड असली तरी अरुंद आणि तुटक असते. एका विहिरीत ४० मीटर वाळू लागली म्हणून शेजारच्या दोन किलोमीटरवरही ती असेल असे धरू नये. साठ्याचे अंदाज फुगतात ते बहुधा इथेच.

सगळे साठे वाळूतच असतात असेही नाही. इजिप्तच्या समुद्रातले झोहर क्षेत्र २०१५ मध्ये सुमारे १,४५० मीटर पाण्याखाली सापडले, ते चुनखडकात. भूमध्य समुद्र ५९.६ ते ५३.३ लाख वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर आटला, तेव्हा साचलेल्या मिठाच्या थराने त्या भागातल्या साठ्यांवर उत्तम झाकण घातले.

प्रश्न : वायू तयार व्हायला खडक किती तापावा लागतो?

उत्तर : दोन वाटा आहेत. साधारण ८० अंश सेल्सियसच्या खाली सूक्ष्मजीव गाळातल्या सेंद्रिय द्रव्यापासून मिथेन बनवतात. सुमारे १२० अंशांच्या पुढे उष्णतेनेच वायू सुटतो. दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढ धरली, तर ही दुसरी पायरी समुद्रतळाखाली चार-पाच किलोमीटरवर येते. कोणता वायू हाती लागला ते नमुना सांगतो. जीवजन्य, म्हणजे सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या, मिथेनमध्ये कार्बन-१३ हा कार्बनचा जड प्रकार फार कमी, डेल्टा मूल्य (प्रमाण नमुन्याच्या तुलनेतला फरक) उणे ६० प्रति हजारच्या आसपास किंवा त्याहून खाली, आणि इथेन-प्रोपेन नावापुरते. लेव्हायथन आणि तामार या इस्रायलजवळच्या मोठ्या क्षेत्रांतला वायू जीवजन्य आहे. म्हणून ‘खोरे पुरेसे तापले नाही’ एवढ्यावर ते नाकारणे चूक ठरते.

प्रश्न : ध्वनिलहरींच्या परावर्तनावरून काढलेल्या सायस्मिक नकाशावर झळाळणारा पट्टा स्पष्ट दिसतो, तरी विहीर कामाची निघत नाही. असे का?

उत्तर : कारण ध्वनिलहरीला वायू ‘आहे’ हे कळते, ‘किती’ हे नीट कळत नाही. वाळूच्या छिद्रांत नुसते खारे पाणी असेल तर ते सहज दबत नाही. त्यात पाच-दहा टक्के वायू मिसळला की द्रवाचा ताठपणा एकदम ढासळतो, लहरीचा वेग घसरतो आणि परावर्तन झळाळते. पुढे वायू ८० टक्के झाला तरी वेग आणखी फारसा कमी होत नाही. त्यामुळे भरलेला सापळा (वायू अडवून धरणारी खडकाची रचना) आणि कधीकाळी भरून गळून गेलेला सापळा पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात.

म्हणून झळाळीआधी इतर खुणा तपासाव्यात. पट्ट्याची कड समान खोलीच्या रेषेला धरून थांबते का? वायू-पाण्याच्या सीमेवर आडवे, सपाट परावर्तन आहे का? वर गळतीचा धूसर खांब किंवा समुद्रतळावर खळगे आहेत का? जाडीचाही फसवा परिणाम असतो. २,४०० मीटर प्रति सेकंद वेग आणि ३० हर्ट्झ वारंवारता असेल तर लहरीची लांबी ८० मीटर. थर तिच्या चौथ्या भागाएवढा, म्हणजे २० मीटर, असला की वरचे आणि खालचे परावर्तन एकमेकांत मिसळून झळाळी उगाच वाढते.

शंका उरली तर विद्युत-चुंबकीय सर्वेक्षण करावे. पाच टक्के वायूची वाळू खाऱ्या पाण्यामुळे वीज वाहून नेते; ८० टक्क्यांची रोखते. मात्र मीठ, घट्ट चुनखडक आणि हायड्रेटही (वायू-पाण्याचे बर्फासारखे स्फटिक) वीज रोखतात, त्यामुळे हे सायस्मिकसोबतच वाचायचे.

प्रश्न : खोल पाण्यात ड्रिलिंग अवघड असते ते पाण्याच्या दाबामुळेच ना?

उत्तर : पाण्याचा दाब यंत्रे सोसतात. खरी अडचण आहे ती पाण्याखालचा खडक हलका आणि कच्चा असण्याची. हिशेब पाहा. पाणी १,५०० मीटर, त्याखाली ३०० मीटर गाळ, गाळाची घनता १.८ (गोड्या पाण्याची १ धरून). समुद्रसपाटीपासून १,८०० मीटरवर वरच्या सगळ्या भाराची सरासरी घनता येते जेमतेम १.१६. छिद्रांतल्या पाण्याची १.०३. रायझर (जहाजापासून समुद्रतळापर्यंतची जाड नळी) लावून त्यात १.२ घनतेचा मड (विहिरीत भरायचा जड द्रव) भरला तर खडक फाटलाच. म्हणून सुरुवातीचे टप्पे रायझरशिवाय खोदतात आणि चुरा समुद्रतळावरच सोडतात. ३६ इंची पहिली केसिंग (विहिरीला आतून आधार देणारी पोलादी नळी) तर बहुधा पाण्याच्या झोताने उतरवतात.

खाली गेल्यावरही मडच्या घनतेचा सुरक्षित पट्टा अरुंदच राहतो. २,००० मीटर गाळाची घनता २.० धरली, तर त्याच्या तळाशी भाराची सरासरी १.५८ होते. खडक बहुधा त्याआधीच फुटतो. छिद्रांतला दाब १.३ घनतेच्या द्रवाएवढा चढलेला असेल, तर मडला खेळायला जागा उरते थोडीच. पंप चालू असताना घर्षणाने मड आणखी दोन ते पाच शतांशांनी जड भासतो, तेही त्यातूनच वजा करायचे. मड हलका पडला की वायू विहिरीत शिरतो. जड झाला की खडकात पळतो, स्तंभाची पातळी उतरते आणि मग वायू शिरतोच. या दुसऱ्या वाटेकडे दुर्लक्ष होते, म्हणून ती मुद्दाम लिहिली.

यावर इलाज म्हणजे एकात एक पाच-सहा केसिंग आणि प्रत्येकीनंतर गळतीची चाचणी. नवा खडक तीन ते पाच मीटर खोदा, बीओपी (विहिरीच्या तोंडावरची, ती बंद करणारी झडपांची रचना) बंद करा, मिनिटाला पाव ते अर्धा बॅरल या गतीने मड भरा. दाबाचा आलेख सरळ रेषेतून वाकला की तिथली मर्यादा कळली.

तेलमिश्रित मड वापरताना विशेष काळजी घ्या. शिरलेला वायू त्यात विरघळतो, त्यामुळे मडच्या टाकीतली पातळी वाढते ती प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. वर येताना, कधी बीओपी ओलांडून रायझरमध्ये पोहोचल्यावर, तो एकदम फुगतो. तेव्हा खालचा बीओपी मिटून उपयोग नसतो. वायू डायव्हर्टरमधून, म्हणजे तो बाजूला काढणाऱ्या नळीतून, बाहेर वळवावा लागतो. पंप थांबवल्यावरही विहीर वाहते का, हे दर वेळी थांबून पाहणे हाच खात्रीचा उपाय.

प्रश्न : समुद्रतळावर नळ्यांत बर्फासारखे काय जमते?

उत्तर : मिथेन आणि पाण्याचे स्फटिक, म्हणजे हायड्रेट. त्याला शून्य अंश लागत नाही. चार अंशांच्या पाण्यात सुमारे ४० बार दाब पुरतो आणि तो ४०० मीटर खोलीवरच मिळतो. मेक्सिकोच्या आखातातल्या मॅकोंडो विहिरीच्या २०१० च्या दुर्घटनेत गळतीवर उतरवलेला पहिला मोठा घुमट याच स्फटिकांनी बुजला. विहीर थांबवण्यापूर्वी बीओपीच्या आतल्या मडमध्ये मीठ किंवा ग्लायकॉल वाढवा, थंड होणाऱ्या नळीत मिथेनॉल सोडा. गाठ जमलीच तर एका बाजूने झटक्यात दाब उतरवू नका. गाठ सुटून नळीतून गोळीसारखी धावते. दोन्ही बाजूंनी हळूहळू, सारखाच दाब कमी करत न्या.