पसंतीक्रम तिचा, ओटीपी तुमच्याकडे

प्रश्न : मुलीला बारावीला ८४ टक्के आणि सीईटीला ९३ पर्सेंटाइल आहेत. माझं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. तिला कॉम्प्युटरला घालायचं आम्ही ठरवलंय. लॉगिन माझ्या मोबाइलवर आहे, ऑप्शन फॉर्म मीच भरणार. ती मात्र म्हणते, हवामानाच्या कायद्यांवर खाण कंपन्या सरकारपुढे आपली बाजू मांडतात, त्या कामात मला जायचंय. ही दलालीच झाली ना? शिवाय खाणीच्या धंद्यात पोरीला कोण घेणार? हे खूळ तिच्या डोक्यातून काढा. – एक पालक, कोल्हापूर

उत्तर :

नमस्कार. गुण चांगले आहेत, त्यांची चिंता नको. मला काळजी वाटली ती ‘लॉगिन माझ्या मोबाइलवर आहे’ या वाक्याची. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांमधून विद्यार्थी बाहेर पडतो. म्हणजे तुम्ही सर्वांत वर टाकलेला कॉलेज-शाखेचा एक कोड तिची चार वर्षं ठरवणार, आणि तो कोणता हे तिला कदाचित निकालाच्या दिवशी कळणार. असा प्रवेश मुलं मोडत नाहीत, निमूटपणे रेटतात. मग दुसऱ्या वर्षी केटी लागायला लागतात आणि घरात सगळे म्हणतात, अभ्यास करत नाही.

फी तुम्ही भरणार, तेव्हा मत देण्याचा हक्क तुमचाच. वसतिगृहासह वर्षाला किती झेपेल, कर्ज काढायचं की नाही, हे आकडे मांडून तिच्याशी बोला. पण यादी तिने तयार करावी, तिनेच भरावी, तुम्ही शेजारी बसावं. नोंदणीतला मोबाइल क्रमांकही बदलून तिचा करून घ्या. तुमच्या अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका वाक्यात आलंय, तेही खोडून काढण्यासाठी. कुठला कायदा, कुठली कंपनी, हे तिने कुठे वाचलं, यातलं काहीही तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही. अठराव्या वर्षी कुणी इतकं नेमकं काम बोलून दाखवत असेल तर त्याला खूळ म्हणू नका. तिच्या डोक्यातून ते काढण्याचं काम मी करणार नाही.

आता ‘दलाली’बद्दल. पैसे चारून काम करून घेणं हा गुन्हा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८चा, आणि २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही त्यात थेट सापडतो, कंपनीसुद्धा. तुमची मुलगी म्हणते ते काम वेगळं आहे आणि बहुतांशी कागदावर चालतं. सरकार एखाद्या नियमाचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करतं आणि हरकती मागवतं. केंद्राच्या २०१४च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर असावा. पर्यावरणाच्या अधिसूचनांना साधारण ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत गावकरी लिहितात, संस्था लिहितात, कंपन्याही लिहितात. अमेरिकेत लॉबिंग, म्हणजे सरकारपुढे अशी बाजू मांडण्याचं काम, करणाऱ्यांना नोंदणी करून दर तिमाहीला हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारातल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३पासून बीआरएसआर हा सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केलाय. त्यातलं सातवं तत्त्व नेमकं याच विषयाचं आहे : कंपनी कोणकोणत्या उद्योग संघटनांची सदस्य आहे, ते सांगणं बंधनकारक, कोणत्या धोरणासाठी, कोणत्या मार्गाने बाजू मांडली, ते सांगणं ऐच्छिक. बऱ्याच कंपन्या हा ऐच्छिक भाग कोरा ठेवतात किंवा दोन गुळगुळीत वाक्यांत उरकतात. तिला हे क्षेत्र समजून घ्यायचं असेल तर तिथूनच वाचायला सुरुवात करावी.

रोजचं काम कसं असतं तेही ऐका. आपल्या जिल्ह्यात राधानगरीच्या दुर्गमानवाडीला बॉक्साइट काढलं गेलंय. त्यापासून आधी अल्युमिना, मग अल्युमिनियम होतं आणि या शेवटच्या टप्प्याला वीज प्रचंड लागते. देशाच्या कार्बन क्रेडिट योजनेत, जी २०२३मध्ये अधिसूचित झाली, अल्युमिनियमच्या कारखान्यांना दर टन उत्पादनामागे किती उत्सर्जन चालेल याचं उद्दिष्ट मिळतं. मसुदा आला की धोरण विभाग कारखान्याकडून मागच्या वर्षांचे आकडे मागवतो, आधारवर्ष (ज्या वर्षाशी तुलना करायची ते) तपासतो आणि कलमवार टिपण करतो : कलम कोणतं, अडचण काय, पर्यायी शब्दरचना कोणती, तिला आधार कोणता. मग ते थेट किंवा संघटनेमार्फत जातं, त्यावर बैठका होतात. भांडण बहुतेक वेळा एका आकड्यावर असतं. ऑस्ट्रेलियात वर्षाला एक लाख टनांपेक्षा जास्त उत्सर्जन करणाऱ्या खाणी-कारखान्यांची मर्यादा जुलै २०२३पासून दरवर्षी ४.९ टक्क्यांनी खाली येते. पण निर्यातीच्या स्पर्धेचा फटका सिद्ध केला तर खाणीला हा दर २ टक्क्यांपर्यंत कमी करून मिळू शकतो. ४.९ आणि २ यांच्यामध्ये किती कोटी असतील, हे धंदा करणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

फसतं कुठे? एक तर हरकतीत दिलेला उत्सर्जनाचा आकडा आणि कंपनीच्याच वार्षिक अहवालातला आकडा जुळत नाही. मग पुढच्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. दुसरं अधिक गंभीर आहे. कंपनी स्वतः पॅरिस कराराला पाठिंबा जाहीर करते आणि तिच्याच वर्गणीवर चालणारी संघटना त्या दिशेच्या प्रत्येक नियमाला विरोध करते. बीएचपी या ऑस्ट्रेलियाच्या बड्या खाण कंपनीने भागधारकांच्या दबावानंतर २०१७मध्ये आपल्या संघटनांची तपासणी करून ती प्रसिद्ध केली आणि पुढे जागतिक कोळसा संघटना सोडली. आज लंडनची इन्फ्लुएन्समॅप ही संस्था कंपन्यांचे असे कागद वाचून त्यांना ए प्लस ते एफ अशा श्रेणी देते.

हे तुमच्यापेक्षा तुमच्या मुलीसाठी लिहितोय. ताई, या खुर्चीत बसलीस तर एखाद्या दिवशी तुला पटत नसलेला नियम-विरोध चांगल्या भाषेत लिहावा लागेल. कुठे नाही म्हणायचं, हे नोकरी धरायच्या आधी ठरव. तेच कागद वाचून कंपन्यांना जाब विचारणाऱ्या संस्था, गुंतवणूकदारांचे सल्लागार आणि नियामक यांच्याकडेही हेच कौशल्य लागतं. पगार कमी-जास्त असेल, काम तितकंच कसाचं आहे.

खाणीत पोरीला कोण घेणार, याला उत्तर एवढंच : फेब्रुवारी २०१९पासून भूमिगत खाणीतही तांत्रिक आणि देखरेखीच्या कामावर महिलांना घेता येतं. आणि हे काम खाणीत उतरून करायचं नाहीच.

वाट कोणती, तर कॉम्प्युटर नको आणि तिला मायनिंगची हौस नसेल तर मायनिंगही नको. सीईटीतून केमिकल किंवा मेटलर्जी, नाहीतर सरळ अर्थशास्त्र-संख्याशास्त्र. त्यानंतर सार्वजनिक धोरण किंवा कायदा. बारावीनंतर लगेच ‘ईएसजी’चे (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार) महागडे डिप्लोमे विकले जातात, त्यात एक रुपयाही घालू नका. धोरण विभागात कोरी पाटी सहसा कुणी घेत नाही. आधी दोन-तीन वर्षं कारखान्यात उत्सर्जन मोजलेलं, एनर्जी ऑडिट केलेलं किंवा बीआरएसआर भरलेला माणूस त्यांना हवा असतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे अशा मोजणीची गरज येतेच आहे. युरोपचा लोखंड-पोलाद आणि अल्युमिनियमवरचा कार्बन कर जानेवारी २०२६पासून प्रत्यक्ष लागू झालाय. तुमचा माल थेट त्यात बसत नसला तरी निर्यातदार गिऱ्हाईक वीज-भट्टीचा हिशेब विचारू लागतं. सुट्टीत तिला तुमच्याच शॉपचं वर्षभराचं वीजबिल, डिझेल आणि उत्पादनाचे टन मांडायला द्या.

आणि फॉर्म भरण्याआधी तिने एक गोष्ट करून पाहावी. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचा जुलै २०२४चा केंद्राचा मसुदा काढावा. त्यात महाराष्ट्राचं सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, आपल्या जिल्ह्यातली गावं आहेत. नवीन खाणींना बंदी, चालू खाणी पाच वर्षांत किंवा भाडेपट्टा संपेल तेव्हा, जे आधी येईल तेव्हा बंद, असं त्यात म्हटलंय. त्यावर खाण कंपनीच्या बाजूने दोन पानं लिहायची आणि राधानगरीतल्या एखाद्या ग्रामपंचायतीच्या बाजूने दोन पानं. दोन्हीत कलम क्रमांक हवा, पर्यायी शब्दरचना हवी, विशेषणं नकोत. एखादी बाजू लिहिताना हात अडखळला तर कुठे अडखळला ते समासात नोंदवावं. ती चार पानं तुम्ही स्वतः वाचा आणि मला पाठवा. महाविद्यालयांच्या यादीवर त्यानंतर बोलू.