भावावर गुन्हा दाखल झाला म्हणून महापालिका आमचं घर पाडू शकते का?

नाही, घरातल्या कुणावर गुन्हा आहे एवढ्या कारणावर घर पाडता येत नाही. गुन्हा पुढे सिद्ध झाला तरीही नाही. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई (आपल्या अमरावतीचे) आणि न्या. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने हे स्पष्ट केलं आहे. निकाल पूर्ण वाचून सांगतोय: आधी किमान १५ दिवसांची नोटीस हवी, ती रजिस्टर्ड पोस्टाने यायला हवी आणि घरावरही चिकटवायला हवी. नेमकं कोणतं बांधकाम बेकायदा ते तिच्यात लिहिलेलं असलं पाहिजे. नोटीस बजावली की लगेच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेल जायला हवा. मागची तारीख टाकून कागद रंगवायची जुनी सवय मोडायला ही खास तजवीज. मग प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, आणि त्यानंतर कोर्टात जायला आणखी १५ दिवस. पाडकामाचं व्हिडिओ चित्रीकरणही बंधनकारक. हे डावलून पाडलं तर जबाबदार अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागू शकते.

पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-तलाव अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामाला किंवा कोर्टानेच पाडायला सांगितलं असेल तिथे हे संरक्षण नाही. म्हणून मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या आत्ताच काढून ठेवा. नोटीस हातात पडली की पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याचा फोटो घ्या आणि वकील गाठा.