मुलगी मलावीला जायचं म्हणते

मिरजेहून एका आईचं पत्र आलंय: ‘मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. तिच्या वर्गातल्या मुली जर्मनचे क्लास लावतायत. हिला मात्र पुण्यात ईश्वरविज्ञान शिकणाऱ्या मुलाशी लग्न करून आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या मिशन दवाखान्यात जायचंय. देवाच्या कामाला नाही म्हणवत नाही आणि रात्री झोपही लागत नाही. याला करिअर म्हणायचं का? संसार कसा होणार? नातवंडं कुठे शिकणार?’

ताई,

तुम्ही दोन्ही गोष्टी लिहिल्यात, नाही म्हणवत नाही आणि झोप लागत नाही, हे फार चांगलं केलंत. अनेक पालक मला यातली एकच सांगतात.

आधी करिअरचं. नर्सिंग हे करिअर आहेच, ते मलावीत गेल्यानं पुसलं जात नाही. पण एक गोष्ट मी ठासून सांगेन: पदवी हातात पडली की लगेच निघायचं नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करू दे आणि निदान दोन वर्षं मोठ्या रुग्णालयात काम करू दे. त्यातला बराच काळ प्रसूती विभागात आणि लहान मुलांच्या वॉर्डात. तिकडच्या खेड्यातल्या दवाखान्यांत बाळंतपणं बहुतेक नर्सच करतात, आणि पावसाळ्यात मलेरियानं फणफणलेली मुलं येतात. हात तयार नसेल तर नुसत्या श्रद्धेवर ती रात्रपाळी निभत नाही, आणि त्याचा अपराधीपणा पुढे श्रद्धेलाच पोखरतो. तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडेही नोंदणी लागेल. ती कागदपत्रं इथून निघण्याआधी मार्गी लावायची.

दुसरी गोष्ट बायका सहसा विचारत नाहीत, म्हणून तुम्ही विचारा. पाठवणारी संस्था तिला नर्स म्हणून नेमतेय, की ‘मिशनरीची बायको’ म्हणून नुसती सोबत पाठवतेय? नेमणुकीचं पत्र तिच्या नावानं वेगळं हवं. निर्वाहभत्ता किती, आजारपणाचा विमा, दर किती वर्षांनी घरी यायची रजा, तिकीट कोणाचं, म्हातारपणासाठी काही साठतंय का, हे सगळं कागदावर घ्या. असं विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. मिझोराममधल्या बायका शंभराहून अधिक वर्षं स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, त्याच मुठींतून तिथल्या मिशनकार्याचा मोठा खर्च निघत आलाय. पैशाचा हिशेब ठेवणं हाही सेवेचाच भाग आहे, ताई. जर्मनीला गेलेल्या मैत्रिणींइतका पगार हिला कधी मिळणार नाही, हे मात्र मुलीनं आणि जावयानं एकमेकांसमोर मोठ्यानं म्हणून घ्यावं.

आता संसार. माझी एक जुनी विद्यार्थिनी आठ वर्षं नवऱ्याबरोबर मलावीतच आहे. तुमचं पत्र आलं आणि मी तिला फोन लावला. पहिलं वर्ष तिनं रोजचा अर्धा दिवस फक्त चिचेवा भाषा शिकण्यात घालवला. सकाळी दार उघडलं की पायरीवर कुणी औषधासाठी, कुणी शाळेच्या फीसाठी, कुणी नुसतं बसायला आलेलं. जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा, हातानं मोडून पालेभाजीबरोबर. ती म्हणते, भाकरी मोडल्यासारखाच वाटतो. जानेवारी ते मार्चमध्ये, नवा मका निघायच्या आधी, शेजाऱ्यांच्या घरातलं धान्य संपत येतं. आपल्या डब्यात पीठ असताना त्या घरांसमोरून चालत जाणं तिला सर्वांत जड जातं. रात्री मात्र कौटुंबिक प्रार्थना मराठीतच होते, रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्ती अभंगांसह. धाकटा मुलगा अभंग पाठ म्हणतो आणि मग चिचेवात विचारतो, ‘याचा अर्थ काय?’ हे सांगताना ती जरा थांबली.

तुमच्या नातवंडांच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं त्यातच आहे. रुथ हिल युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई 1950 च्या दशकात भारतात राहून इथल्या परदेशी कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. आईबापांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोन्हींच्या मध्ये वाढणाऱ्या मुलांची तिसरीच, असं त्यांनी मांडलं. अशी मुलं भाषा पटकन उचलतात, माणसांत सहज मिसळतात. पण ‘तुझं गाव कोणतं?’ या प्रश्नाला अडखळतात. म्हणून शाळेइतकाच महत्त्वाचा एक निर्णय आहे: मुलांनी रजेचे महिने मिरजेत, तुमच्या घरी, तुमच्या हातचं खात काढायचे. हे लग्नाआधीच ठरवा.

आणि एक मनापासून सांगते. तुम्ही ज्या गावात राहता, ते गावही एकेकाळी कुणाचं तरी मलावी होतं. कॅनडातून आलेले डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात उतरले, आधी सांगलीत छोटा दवाखाना चालवला, 1894 मध्ये मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं. सांगली-मिरज रस्त्यावरून जाताना आपण सहज ‘वानलेसवाडी’ म्हणतो. त्यांच्याही घरात मराठी शिकण्याची धडपड असणार, आजारपणं असणार, समुद्रापलीकडे पत्राची वाट पाहणारं कुणीतरी असणार. यामुळे तुमची काळजी कमी होईल असं मला वाटत नाही, आणि ती व्हावी असंही म्हणत नाही.

मुलीला एकच विचारा, रागावून नव्हे, भाजी निवडताना: लग्न ठरलं नसतं तरी तू गेली असतीस का? उत्तर ‘हो’ असेल तर पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, तिचं स्वतःचं आहे. ती घुटमळली, तर दोन वर्षांचा वॉर्ड आहेच, तिथं तिला उमगेल. चर्चच्या पाळकांशीही बोला, पण तिच्या पाठीमागे नको.

माझ्या विद्यार्थिनीनं एक निरोप दिलाय. तिला तुमच्या मुलीशी नाही, तुमच्याशी बोलायचंय, कारण तिची आई निरोप द्यायला स्टेशनवर आली नव्हती. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले की आपल्याकडे साडेनऊ होतात. शनिवारी ती मोकळी असते. तुमचं जेवण आटोपलं की मला कळवा, मी जोडून देते.