बेस स्टाइल्स: थोड्या आणि हलक्या

प्रश्न : द्राक्ष निर्यातदारांसाठी आम्ही तीन पोर्टल्स एकाच डिझाइन सिस्टीमवर बांधतो आहोत. मराठी मथळ्यांच्या ओळी एकमेकींवर चढतात, बटणांचा फाँट वेगळाच येतो आणि बटणावरच्या पांढऱ्या अक्षरांना लिंकचा निळा रंग लागतो. बेस स्टाइल्समध्ये नेमकं काय असावं?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : बेस स्टाइल्स म्हणजे सगळ्या पानांना लागणारे सीएसएसचे (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचे) पायाभूत नियम. आधी मथळे. बॉडीला लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, '२४ पिक्सेल' दिली, की ३६ पिक्सेलच्या मथळ्यालाही तीच २४ वारशाने मिळते. '१.५ ईएम' (फाँटच्या आकाराच्या दीडपट) लिहिलं तरी तेच, कारण हिशोब झालेला आकडाच खाली उतरतो. म्हणून एकक न लावता नुसता आकडा द्या, तो प्रत्येक घटकाच्या स्वतःच्या फाँट-आकाराने गुणला जातो. देवनागरीत मात्रा-वेलांट्या वर आणि उकार खाली असल्यामुळे मजकुराला १.७ आणि मथळ्यांना १.३५ पासून सुरुवात करा. इंग्रजी नमुन्यांतला १.१ इथे चालत नाही. 'सुरगाणा'च्या खालच्या ओळीत 'दिंडोरी' येईल असा मथळा लावून बघा, टक्कर लगेच दिसेल. लेटर-स्पेसिंग मराठीला देऊच नका, शिरोरेषा तुटते. एचटीएमएल टॅगवर लँग 'एमआर' (भाषा मराठी असल्याची खूण) हवंच. फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात.

बटण, इनपुट, सिलेक्ट आणि टेक्स्टएरिया यांना ब्राउझर स्वतःचा फाँट लावतो. त्यांना 'फाँट: इनहेरिट' द्या. मात्र इनपुट १६ पिक्सेलपेक्षा लहान नको, नाहीतर आयफोनवर टाइप करताना पान झूम होतं.

याखेरीज बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स (रुंदीत पॅडिंग आणि बॉर्डरही धरणारं), चित्रांना कमाल रुंदी १०० टक्के व उंची ऑटो, कीबोर्डवाल्यांसाठी ठळक फोकस-व्हिजिबल आउटलाइन (सध्या निवडलेल्या घटकाभोवतीची रेघ), आणि रंग-अंतरांची व्हेरिएबल्स रूटवर (पानाच्या सर्वांत वरच्या घटकावर). बेसमध्ये एवढं पुरे. क्लासची नावं तिथे आणू नका.

रंगाचं भांडण वजनाचं आहे, म्हणजे दोन नियम भिडले की कोणता जिंकेल ते ठरवणाऱ्या स्पेसिफिसिटीचं. बेसमध्ये 'ए:लिंक' लिहिलं, तर एका सूडो-क्लास (इथे ':लिंक') आणि एका टॅगचं ('ए') ते वजन लिंक असलेल्या बटणाच्या एकट्या क्लासला भारी पडतं. तो सिलेक्टर (नियम कोणाला लागेल ते सांगणारा भाग) 'व्हेअर'मध्ये गुंडाळा, वजन शून्य होतं. त्याहून चांगलं म्हणजे लेयर्स, नियमांचे थर: रीसेट, व्हेंडर, बेस, कंपोनंट्स, युटिलिटीज असा क्रम फाइलच्या पहिल्याच ओळीत जाहीर करा, नंतरचा लेयर जिंकतो. मात्र लेयरबाहेरची सीएसएस सगळ्या लेयर्सवर मात करते, म्हणून तारीख निवडण्याचं तयार प्लगइन व्हेंडर लेयरमध्येच इंपोर्ट करा. आणि नियम सक्तीचा करणारं 'इंपॉर्टंट' लावलंत, तर लेयर्सचा क्रम उलटा होतो: बेसमधलं इंपॉर्टंट कंपोनंटमधल्या इंपॉर्टंटलाही हरवतं.