रेफ्रीला शिव्या घालण्याआधी

रिप्ले दिसला रे दिसला की 'चूक!' म्हणून मोकळा होऊ नकोस. आधी कॅमेरा कुठे होता ते बघ.

2022 च्या फुटबॉल विश्वचषकातला जपान-स्पेन सामना काढून बघ. जपानच्या मितोमाने मैदानाच्या टोकाला, गोलरेषेपाशी चेंडू परत मैदानात ढकलला, तानाकाने गोल केला आणि जगभर बोंब उठली की चेंडू आधीच बाहेर गेला होता. तिरक्या कोनातून तसंच वाटत होतं. पण नियमाप्रमाणे अख्खा चेंडू रेषेपलीकडे जावा लागतो, जमिनीवर असो की हवेत. चेंडूचा तळ बाहेरच्या गवतावर टेकलेला असला तरी त्याची फुगीर कड रेषेच्या वर असू शकते, आणि हे कळतं फक्त रेषेच्या अगदी सरळ वरून किंवा रेषेच्याच ओळीत ठेवलेल्या कॅमेऱ्यातून. व्हीएआरने (व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणाऱ्या पंचाने) तपासून गोल दिला, जपान 2-1 ने जिंकला. त्या निकालाने जर्मनीचाही गाशा गुंडाळला, म्हणून आरडाओरडा जास्तच झाला!

व्हीएआरकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. मैदानाच्या मध्यावरचा साधा फाऊल तो उकरून काढत नाही.

आणि राग नक्की कुणावर आहे, हे तपास. 2010 च्या विश्वचषकात घानाविरुद्ध उरुग्वेच्या सुआरेझने जादा वेळेच्या अखेरीस गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला. रेफ्रीने लाल कार्ड दाखवलं, पेनल्टी दिली. घानाच्या ग्यानचा फटका आडव्या दांड्यावर आदळला आणि बरोबरी फोडणाऱ्या पेनल्टी शूटआउटमध्ये घाना हरलं. यात रेफ्रीचं काय चुकलं? काहीच नाही. भांडायचं तर नियमाशी भांड. माझं मत विचारशील तर तिथे थेट गोलच द्यायला हवा.