यंत्र न बनवता कसलं इंजिनिअरिंग?

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘सिस्टिम्स इंजिनिअरिंग’ या विषयात अख्खं सत्र एक काल्पनिक मोहीम चालली आहे. युद्धानंतर एका बेटावर राहिलेले भूसुरुंग रोबोने शोधून निकामी करायचे. बेट खोटं, रोबोही बनवायचा नाही. नुसते कागद आणि वादावादी. तेवढ्या वेळात ती कोडिंग शिकली असती. हा वेळेचा अपव्यय नाही का? – एक पालक

उत्तर : तिच्या गटाचे ते कागद एकदा मागून बघा. पहिल्या मसुद्यात ‘रोबो हलका असावा’ असं लिहिलेलं असेल, तर शिक्षकांनी त्यावर नक्की काट मारली असेल. हलका म्हणजे किती, आणि तपासणार कसं? माणसांसाठी पेरलेला सुरुंग काही किलोंच्या दाबानेही फुटू शकतो. म्हणजे चाकाखाली किती दाब चालेल, याचा आकडाच हवा.

इथून भांडणं सुरू होतात. बॅटरीच्या गटाला रोबो दिवसभर चालवायचाय, म्हणून बॅटरी मोठी. मोठी म्हणजे जड, आणि वजन वाढलं की तो दाबाचा आकडा कोलमडला. सेन्सरवाल्यांचं दुखणं वेगळंच. बरेच सुरुंग प्लास्टिकचे असतात, त्यात धातू जेमतेम. तो सापडावा म्हणून डिटेक्टर जास्त संवेदनशील केला, की खिळा, पत्र्याचा तुकडा, रिकामं काडतूस, सगळ्यालाच तो ओरडतो. प्रत्येक वेळी थांबून खात्री करायची, तर काम रेंगाळतं. आणि गाडी पुन्हा बॅटरीवर येते. प्रत्येक गट आपल्या जागी बरोबर असूनही रोबो फसू शकतो. सगळे भाग मिळून एक काम नीट करतील असं बघणं म्हणजे सिस्टिम्स इंजिनिअरिंग, म्हणून ती वादावादी म्हणजेच हा विषय.

कोडिंगचं म्हणाल, तर 4 जून 1996 रोजी आरियान-5 हे युरोपीय रॉकेट पहिल्याच उड्डाणात जेमतेम 40 सेकंदांत नष्ट झालं. आरियान-4 वर व्यवस्थित चाललेलं सॉफ्टवेअर त्यात घेतलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. त्याच्याशी निगडित आकडा सॉफ्टवेअरने त्याच्यासाठी ठेवलेल्या 16 बिटांच्या जागेत मावला नाही. कोड लिहिणारे तिथे कमी नव्हते, कमी पडली ती जुना भाग नव्या रॉकेटला जुळतो का हे तपासणारी नजर.

तुमची काळजी मात्र अर्धी खरी आहे. संपूर्ण प्रणालीची जबाबदारी नवख्याला कुणी देत नाही. (आयटी कंपन्यांच्या ऑफर लेटरवर फ्रेशरला ‘सिस्टिम्स इंजिनिअर’ म्हणतात, ते प्रकरण निराळं.) सुरुवात बहुधा टेस्टिंग किंवा इंटिग्रेशनपासून (वेगवेगळे भाग एकत्र जोडण्यापासून) होते, आणि त्यासाठी कोडिंगसारखं एखादं कसब पक्कं लागतं. तेव्हा कोडिंग शिकू द्याच, पण या विषयाच्या बदल्यात नको.

सत्रभर फक्त कागद, हे मलाही पटत नाही. सुट्टीत तिने वाळूच्या ट्रेमध्ये नाणी पुरून खेळण्यातली गाडी आणि साधा डिटेक्टर चालवून बघावा. आधी दहा अटी लिहायच्या, मग एकेक तपासायची, नापास झालेल्याही नोंदवायच्या. मुलाखतीत बेटाची गोष्ट दोन वाक्यांत आटपावी. कोणती अट कुणाच्या हट्टाने बदलली आणि त्यापायी काय सोडावं लागलं, हे मात्र आकड्यांसकट सांगावं. आज जेवताना तिला हेच विचारून बघा.