छडी गेली, स्टारचा तक्ता आला

"मारायचं नाही, टोचून बोलायचं नाही, मग वर्ग आवरायचा कसा?" शिक्षकांकडून हा प्रश्न सतत येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली, ते योग्यच झालं. पण रिकाम्या जागी बहुतेकांनी बक्षिसं आणून ठेवली: चांगलं वागलं की तक्त्यावर नावापुढे स्टार.

पाचवीच्या एक बाई (ओळख बदलली आहे) अशाच वैतागून माझ्याकडे सल्ल्याला आल्या होत्या. "फळा पुस म्हटलं तरी विचारतात, किती स्टार? एकाने तर तक्ताच फाडला."

"त्याचे किती होते?"

"त्याचा एकही नव्हता."

बक्षीस आणि शिक्षा मी वेगळी मानत नाही. दोन्हींत मूल मोठ्यांच्या हाताकडे बघत राहतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग झाला होता, त्याचा अहवाल १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना 'काढलंत तर प्रमाणपत्र' असं आधीच सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात ती बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. न सांगता प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड मात्र टिकली.

तक्ता फाडणारा तो मुलगा सतत भांडायचा. पुढच्या भेटींत मी बाईंना त्याच्याबद्दल एकच विचारत राहिले, "तो भांडत नाही अशी वेळ कोणती?"

"नाहीच हो." मग बराच वेळ गप्प. "खिचडी वाढताना. रांग लावतो, पहिलीच्या पोरांना पुढे घेतो."

"तेव्हा स्टार देता?"

"छे! त्याचं लक्षही नसतं."

बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला. अशा वेळी मी मुद्दाम बोलत नाही. उत्तर शिक्षकाच्या वर्गातच असतं, ते त्याच्याच तोंडून आलं की टिकतं. त्या पोराला बक्षीस नको होतं, आपली गरज कुणाला तरी आहे एवढंच हवं होतं.

म्हणून शिक्षकांना सांगते, प्रत्येकाला वर्गातलं खरं काम द्या. 'शाब्बास'पेक्षा 'तू रांग लावलीस म्हणून लहानांना वेळेत जेवायला मिळालं' असं नेमकं बोला. पाणी सांडलं तर सांडणाऱ्याने पुसायचं, त्यावर भाषण नको. समज द्यायची ती एकट्याला, बाजूला घेऊन.

बाईंना एक पथ्य मात्र बजावलं होतं: भांडला म्हणून वाढायचं काम काढून घ्यायचं नाही, नाहीतर त्याचाही स्टार होईल. दिवाळीनंतर तो पुन्हा भांडला. त्याच दुपारी बाईंनी पळी त्याच्याच हातात दिली.